आरव्ही घ्यायची आहे: मोटरहोम, कॅम्पर व्हॅन की ओढायचा ट्रेलर?

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने आमच्या घरात आरव्हीचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, वारं शिरलंय. आम्ही दोघं, तीन मुलं (वय ११, ७ आणि ४), आणि उन्हाळ्यात सासू-सासरे सोबत असतात. मुलं लहान आहेत तोवर अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं निवांत बघायची, एका ठिकाणी दोन-चार दिवस मुक्काम करायचा, एवढाच हेतू आहे. त्यात कायमचं राहायचं नाही. दारात सात सीटची एसयूव्ही आहे.

प्रदर्शनात जाऊन आलो आणि गोंधळ वाढला. आत पाऊल टाकलं की प्रत्येक गाडी आवडते. एका ट्रेलरपाशी विक्रेता म्हणाला, "तुमची एसयूव्ही साडेसात हजार पौंड ओढते, हा ट्रेलर पाच हजारांचा आहे, आरामात जाईल." क्लास ए, बी, सी, फिफ्थ व्हील, टॉय हॉलर हे प्रकार नेमके कशावरून पडतात? आणि आमच्यासारख्यांनी सुरुवात कुठून करायची? ज्यांनी वापरल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

नटबोल्ट

ताई, बरं झालं घ्यायच्या आधी विचारलंत. आतलं फर्निचर, टीव्ही, शेगडी हे सगळं थोडा वेळ बाजूला ठेवा. आरव्हीचा प्रकार ठरतो तो खालच्या सांगाड्यावरून, म्हणजे इंजिन कुठे आहे आणि घराचा भार कुठल्या चाकांवर येतो यावरून.

पहिली फोड सरळ आहे. स्वतःच्या इंजिनावर चालते ती मोटरहोम. दुसऱ्या गाडीमागे ओढायचा तो ट्रेलर.

मोटरहोममध्ये क्लास ए म्हणजे ती बससारखी, पुढे सपाट मोठी काच असलेली. साधारण २५ ते ४५ फूट. कंपनी नुसती चाकं, इंजिन आणि सांगाडा देते, त्यावर आरव्ही बनवणारे पूर्ण घर उभं करतात. पेट्रोलवाल्या बहुतेक फोर्डच्या एफ-५३ चासीवर (चासी म्हणजे हाच खालचा सांगाडा) असतात. डिझेलवाल्यांत इंजिन मागे असतं, म्हणून त्यांना डिझेल पुशर म्हणतात. चालवताना पुढे आवाज जवळजवळ येत नाही, एअर ब्रेक असतात, डोंगर उतरताना एक्झॉस्ट ब्रेक किंवा इंजिन ब्रेक गाडी धरून ठेवतो. सामान मावतं भरपूर. पण एक गोष्ट सगळ्यांना नवीन असते. चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो, त्यामुळे वळण उशिरा घ्यावं लागतं. आणि मागच्या चाकांच्या मागे जो लांब भाग लोंबतो तो वळताना उलट दिशेला बाहेर फिरतो. पेट्रोल पंपाच्या खांबाला घासलेल्या आरव्ही बघा, बहुतेकांचं खरचटलेलं शेपटाकडेच असतं.

क्लास बी म्हणजे कॅम्पर व्हॅन. स्प्रिंटर, ट्रान्झिट किंवा प्रोमास्टर यांसारख्या उंच व्हॅनच्या मूळ पत्र्याच्या आतच संसार बसवलेला. १८ ते २४ फूट. नाव बी असलं तरी आकाराने ही सर्वांत लहान. अक्षरं आकाराच्या क्रमाने नाहीत, ए-सी-बी असा उतरता क्रम आहे, हे डोक्यात ठेवलंत तर प्रदर्शनात गोंधळ होणार नाही.

क्लास सी ही मधली. पुढे नेहमीच्या व्हॅनची केबिन तशीच राहते, मागचा भाग कापून त्यावर घर बांधलेलं असतं, आणि केबिनच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग. मुलं हमखास तिथेच झोपायला भांडतात. बऱ्याचशा फोर्ड ई-४५० वर असतात. हिचं एकूण परवानगीचं वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, १४,५०० पौंड. आता याच चासीवर कोणी २४ फुटी घर बांधतं, कोणी ३२ फुटी. घर लांबलं की घराचंच वजन वाढतं, पण चासीची मर्यादा तिथेच. म्हणजे ३२ फुटीत कपाटं जास्त आणि भरायला मिळणारं वजन कमी, असं होऊ शकतं. 'सुपर सी' म्हणून जी मिळते ती खऱ्या ट्रकच्या चासीवर असते, तिथे ही अडचण कमी. 'बी प्लस' हा विक्रीसाठी काढलेला शब्द आहे, बांधणीने ती डोक्यावरचा पलंग नसलेली किंवा छोटा असलेली क्लास सीच.

ट्रेलरबद्दल इतर मंडळी लिहितीलच. तुमच्या कुटुंबासाठी मी पहिला प्रश्न विचारेन: सात माणसं चालत्या गाडीत पट्टा लावून कुठे बसणार?

रानवाटा

नटबोल्ट यांच्या शेवटच्या प्रश्नाला +१.

माहितीपत्रकात 'स्लीप्स ८' लिहिलेलं असतं. ते झोपायच्या जागांबद्दल आहे. पट्टे असलेल्या जागा चार, पाच, सहा अशा कितीही असू शकतात. त्यातही चार वर्षांच्या मुलीचं/मुलाचं कार सीट आडव्या सोफ्यावर लावता येत नाही. जेवणाच्या टेबलाजवळची जी बाकडी असतात त्यातलं पुढे तोंड असलेलंच उपयोगी, आणि त्याच्याखाली सांगाडा लाकडाचा आहे की लोखंडी, पट्टा कशाला बांधलाय, हे वाकून बघायचं. विक्रेत्याला गादी उचलून दाखवायला सांगा. त्यात संकोच कसला?

ट्रेलरच्या बाजूने माझं मत देते. सगळी माणसं एसयूव्हीत, नेहमीच्या सीटवर, नेहमीच्या एअरबॅगसह. मुक्कामाला पोचलं की ट्रेलर सोडायचा आणि गाडी मोकळी. मोटरहोम असेल तर पायवाटेच्या सुरुवातीला जायचं म्हटलं तरी पाणी-विजेची जोडणी काढून अख्खं घर हलवावं लागतं. तुम्ही दोन-चार दिवस एका जागी राहणार म्हणताय, त्याला ट्रेलर जास्त सोयीचा.

चालत्या ट्रेव्हल ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही हे मात्र नक्की. बहुतेक राज्यांत कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी बसू नये.

गिअरवाला

आता त्या "आरामात जाईल"चा हिशेब करू. या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, म्हणून लांबण लावतोय.

विक्रेत्याने सांगितलेले पाच हजार म्हणजे ड्राय वेट. पाणी नाही, कपडे नाहीत, भांडी, खुर्च्या, होज, बहुधा डीलरने बसवलेली बॅटरीसुद्धा नाही. रस्त्यावर त्या वजनाचा ट्रेलर कधीच धावत नाही. ट्रेलरच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर असतो, समजा ६,५००. मी सामान भरलेला ट्रेलर ६,००० धरतो. पाण्याचंच बघा, एक गॅलन ८.३ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांहून जास्त झाले.

साडेसात हजाराच्या आत आहे ना मग? आहे. पण आपल्यासारख्या कुटुंबाच्या गाडीत ओढण्याची मर्यादा क्वचितच आधी संपते. आधी संपतो तो पेलोड, म्हणजे गाडीने स्वतःच्या पाठीवर पेलायचं वजन. ट्रेलरचं नाक हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, टेकतं, त्याचा भार म्हणजे टंग वेट. तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावाच लागतो. कमी ठेवला तर ट्रेलर मागे डुलायला लागतो, आणि हायवेवर हे डुलणं वाढत गेलं तर गाडी हातातून जाते. तेव्हा "सामान मागे सरकवून नाक हलकं करू" हा उपाय चुकूनही करायचा नाही.

६,००० च्या साडेबारा टक्के म्हणजे ७५० पौंड. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (नाकाचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी), तिचं लोखंड ८०-१०० पौंड. हे सगळं तुमच्या एसयूव्हीच्या पाठीवर. आता चालकाच्या बाजूचं दार उघडा, खांबावर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असेल. "माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको" असं त्यावर असतं. त्या आकड्यातून साडेआठशे वजा करा, उरलेल्यात चालक धरून सगळी माणसं, कार सीट, डिकीतलं सामान. ओढण्याचा जो मोठा आकडा जाहिरातीत असतो तो काढताना गाडीत साधारण चालक आणि एकच प्रवासी धरलेला असतो, पाच-सात जण नव्हेत.

ताई, तुमच्या स्टिकरवरचा आकडा इथे लिहा.

मुक्कामपोस्ट

आत्ताच अंगणात जाऊन बघून आले. १,३८० पौंड.

म्हणजे ८५० गेले की ५३० उरतात. आम्ही पाच जणच मिळून साधारण ५२० भरतो. सासू-सासरे, बॅगा, मुलांच्या सायकली काहीच बसत नाही. हे त्या विक्रेत्याने एका शब्दानेही सांगितलं नाही, याचा मला खरंच राग आलाय. आम्ही त्याच आठवड्यात टोकन देणार होतो.

गिअरवाला

राग यायलाच हवा. पण आता आकडा तुमच्या हातात आहे. याच एसयूव्हीला साडेतीन-चार हजार पौंड भरलेल्या वजनाचा छोटा ट्रेलर, किंवा छताचा भाग दुमडणारा पॉप-अप चालेल. पॉप-अप हलका असतो, वाऱ्याला कमी अडतो, झोपायला जागा चांगली मिळते. भिंती मात्र कापडाच्या, थंडी-पाऊस-आवाज आत येतो, आणि अस्वलांच्या भागात काही कॅम्पग्राउंड कापडी भिंतींना परवानगी देत नाहीत. ही चौकशी आधी करा.

सात माणसांना पूर्ण आकाराचा ट्रेलर हवा असेल तर पिकअप ट्रक घ्यावा लागेल. मग किंमत ट्रेलरची नव्हे, ट्रक अधिक ट्रेलरची धरायची.

पाचवंचाक

ट्रकचा विषय निघालाच आहे तर फिफ्थ व्हीलबद्दल लिहितो. हा ट्रेलर गाडीच्या मागे बंपरखाली जोडत नाहीत. ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसावर किंवा किंचित पुढे, मोठी हिच असते आणि ट्रेलरची पिन तिच्यात वरून बसते. भार आसावर आल्यामुळे डुलणं फार कमी. ट्रेलरचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यावर येतो, त्यामुळे एकूण लांबीही बरीच वाचते. पुढचा उंचावलेला भाग म्हणजे झोपायची खोली, आणि आत डोक्यावर जागा भरपूर. लांब मुक्कामाला याच्यासारखं सुख नाही असं माझं ठाम मत आहे.

पण पिनवरचा भार वजनाच्या १५ ते २५ टक्के असतो. १२,००० पौंडांच्या ट्रेलरला २० टक्के धरले तरी २,४०० पौंड थेट ट्रकच्या पाठीवर. अर्ध्या टनाच्या वर्गातले कितीतरी पिकअप याला पुरे पडत नाहीत, त्यांच्या दारावरचं स्टिकर वाचलं की कळतं. पाऊण किंवा एक टन वर्गाचा ट्रक लागतो (ही नुसती वर्गाची नावं, खरी क्षमता त्याहून जास्त असते), मोठ्या ट्रेलरला मागे चार चाकं असलेला. हौद्याची जागाही हिचने जाते.

टॉय हॉलर हा वेगळा प्रकार नव्हे. मागे रॅम्पसारखं दार आणि मोटरसायकल वगैरे ठेवायला गॅरेज असलेला ट्रेलर, फिफ्थ व्हील किंवा मोटरहोम, कशालाही ते नाव लागतं. तुम्हाला गरज दिसत नाही.

दोनचउशा

क्लास बीची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहिते. आम्ही दोघंच आहोत, व्हॅन आहे, आणि रोजच्या कामालाही तीच वापरतो. कुठल्याही पार्किंगमध्ये मावते (छत असलेल्या पार्किंगमध्ये उंची बघूनच जायचं). वाटेत डोळे मिटायला लागले तर बाजूला घेऊन झोपता येतं, खाली उतरावंही लागत नाही.

अंघोळ आणि संडास एकाच इवल्याशा खोलीत. सांडपाण्याच्या टाक्या लहान, दर काही दिवसांनी डम्प स्टेशन, म्हणजे त्या रिकाम्या करायची जागा, शोधावं लागतं. पावसात दिवसभर आत अडकलं तर दोघांनाही एकमेकांच्या अंगावरून जावं लागतं. ताई, सात जणांना ही नाहीच.

नटबोल्ट

@दोनचउशा, टाक्यांचा मुद्दा चांगला काढलात, तो प्रकार ठरवतानाच बघायला हवा. ताज्या पाण्याची, ग्रे म्हणजे सिंक-शॉवरची, आणि ब्लॅक म्हणजे संडासाची, अशा तीन टाक्या. राष्ट्रीय उद्यानांतल्या पुष्कळ कॅम्पग्राउंडमध्ये जागेवर पाणी-वीज नसते. सात जणांत ३० गॅलनची ग्रे टाकी दोन दिवसांत भरेल, तेही जपून वापरलं तर.

वीज जिथे असते तिथे ३० अँपिअर म्हणजे ३,६०० वॅट. त्यावर एसी आणि मायक्रोवेव्ह एका वेळी चालवायचा म्हणजे बाकीचं बंद ठेवावं लागतं. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या येतात, म्हणून ती १२,००० वॅट देते, दोन एसीवाल्या मोठ्या गाड्यांना ती असते.

रानवाटा

लांबीबद्दल कोणीच बोललं नाही! उद्यानं बघायची असतील तर लांबी आधी ठरवा, गाडी नंतर. जुन्या कॅम्पग्राउंडच्या जागा आजच्या आरव्हींसाठी आखलेल्याच नाहीत. प्रत्येक जागेची फुटांतली मर्यादा आरक्षणाच्या पानावर असते, तुम्हाला जायचंय त्या चार-पाच उद्यानांची बघून घ्या. २५-२७ फुटांच्या आत राहिलात तर निवड बरीच रुंदावते. ट्रेलरवाल्यांनी गाडी अधिक ट्रेलर अशी एकूण लांबीही मोजायची.

रस्त्यांचंही तेच. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद (आरसे धरून) गाड्यांना बंदी आहे. म्हणजे जवळजवळ कुठलीच क्लास सी तिथून जात नाही. तिथे सोबत छोटी गाडी हवीच.

दक्षिणवारा

ऑस्ट्रेलियातून लिहितोय. इकडे ए-बी-सी कोणी म्हणत नाही. मोटरहोम, कॅम्परव्हॅन आणि कॅरॅव्हॅन एवढंच. कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या मर्यादेला एटीएम म्हणतात. साध्या कार परवान्यावर ४.५ टन जीव्हीएमपर्यंतची (म्हणजे भरलेल्या गाडीच्या वजनाची मर्यादा) गाडी चालवता येते. बाकी गिअरवाला यांचा हिशेब किलोत केला तर शब्दशः लागू.

अमेरिकेत परवान्याचं काय?

नटबोल्ट

राज्यागणिक वेगळं. २६,००० पौंडांच्या आत बहुतेक ठिकाणी साधा परवाना चालतो. त्यावर काही राज्यं वेगळा, बिगर-व्यावसायिक परवाना मागतात. कॅलिफोर्निया लांबीही बघतं, ४० फुटांच्या वरच्या मोटरहोमला तिथे क्लास बी परवाना लागतो (आरव्हीच्या क्लास बीशी त्याचा संबंध नाही). ताईंच्या मापाच्या गाडीला हा प्रश्न येणार नाही.

ओलावाशोधक

वापरलेली घेणार असाल तर माझं एवढं वाचा. आरव्हीला इंजिनापेक्षा पाणी लवकर मारतं. चालताना घर हलतं, सांध्यांचा सीलंट तडकतो, पाणी भिंतीत शिरतं आणि आतलं लाकूड कुजत राहतं. बाहेरून सगळं चकाचक.

क्लास सीमध्ये सर्वांत आधी डोक्यावरच्या पलंगापाशी जा. गादी पूर्ण उचला, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठ्याने जोरात दाबा. लाकूड मऊ लागलं, पिवळा डाग दिसला, कुबट वास आला, तर तिथूनच परत फिरा. मग अनवाणी पायांनी शॉवरभोवतीची आणि दाराजवळची जमीन चाचपा. बाहेर येऊन भिंतीला गाल जवळजवळ टेकवून लांबवर नजर टाका, फायबरग्लासवर फुगवटे आलेत का ते तिरप्या उजेडातच दिसतं. याला डीलॅमिनेशन म्हणतात, आणि दुरुस्ती प्रचंड महाग. स्लाइड-आउट (मुक्कामाला बाहेर सरकवायचा घराचा भाग) असेल तर बाहेर-आत करून बघा, आणि ते आत असताना संडासापर्यंत पोचता येतं का हेही. वाटेत थांबल्यावर त्याचं महत्त्व कळतं.

टायरची नक्षी बघून फसू नका. टायरच्या बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. आरव्हीचे टायर उभ्या उभ्याच म्हातारे होतात. आणि छतावर स्वतः चढा, किंवा स्वतंत्र तपासनीस नेमा. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

मुक्कामपोस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून आम्ही दोघं बराच वेळ बोललो. ट्रक घ्यायची तयारी नाही, तेव्हा मोठा ट्रेलर बाद. २५ फुटी क्लास सी आधी भाड्याने घेऊन बघतोय. काल जाऊन आत शिरल्याबरोबर स्टिकर शोधलं. त्यावर माणसं-सामान मिळून किती वजन, पाणी पूर्ण भरलं तर त्यातलं किती जातं, आणि पट्टे असलेल्या जागा किती, तिन्ही लिहिलेलं आहे! पट्टे पाच जणांचे, वजन १,९०० च्या आसपास.

सासू-सासरे आले की एक जण एसयूव्ही घेऊन मागून येईल, म्हणजे छोटी गाडीही सोबत राहील. एसयूव्ही मागे बांधून नेता येईल का? आणि त्यांच्या झोपण्याचं काय करावं, शिडी त्यांना जमणार नाही.

गिअरवाला

चारही चाकांवर ओढायला तुमची एसयूव्ही चालते की नाही हे तिच्या मॅन्युअलमध्ये 'फ्लॅट टोइंग' किंवा 'रिक्रिएशनल टोइंग' या प्रकरणात असतं. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांना नाही असंच उत्तर आहे, गिअरबॉक्स जळतो. चालत असली तरी भाड्याच्या गाडीमागे काही ओढायला बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत. सध्या चालवतच आणा.

रानवाटा

आजी-आजोबांना मागचा कायमचा पलंग द्या, पण त्याला दोन्ही बाजूंनी उतरता येतं का ते बघा. कोपऱ्यात खुपसलेला असेल तर आतल्या बाजूचा माणूस रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडतो. तुम्ही दोघं टेबलाचा पलंग करून झोपा, दोन मोठी मुलं वर, जाळी लावून. धाकटं खाली सोफ्यावर. आणि गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशी, निघायच्या आधी, सातही जणांना खरोखर आपापल्या जागी आडवं व्हायला लावा.